रोपवेने रायगड, सहकुटुंब आणि एका दिवसात: हिवाळी सहलीची टप्प्याटप्प्याने आखणी

रायगडाच्या रोपवेबाबत बहुतेक कुटुंबांचा हिशेब एकाच जागी चुकतो. ट्रॉलीला वर जायला चार-पाच मिनिटं लागतात, म्हणजे दोन-अडीच तासांत गड उरकेल असं धरून लोक पुण्या-मुंबईहून आरामात आठला निघतात, बाराला हिरकणीवाडीत, म्हणजे रोपवेच्या खालच्या स्थानकावर पोचतात आणि आजी-आजोबांना घेऊन भर उन्हात रांगेत उभे राहतात. ती चार-पाच मिनिटं खरीच आहेत. पण दिवस जातो तो वर जायच्या रांगेत, वरच्या पायपिटीत आणि खाली यायच्या रांगेत. ही शेवटची रांग तर कुणी धरलेलीच नसते.

एवढी रांग लागते कारण हा रोपवे एकामागोमाग एक पाळणे सतत फिरत राहतील असा नाही. एका बाजूच्या ट्रॉल्या वर जातात तेव्हा दुसऱ्या बाजूच्या खाली येतात. मग थांबून माणसं उतरतात, नवी चढतात, दारं लागतात आणि पुढची फेरी सुटते. एका फेरीत बसतात मोजकीच माणसं. तुमच्या पुढे शाळेच्या दोन बस रिकाम्या झाल्या असतील तर ओळख काढून किंवा चिडून काही उपयोग नाही. रोपवे चढ वाचवतो. चाल आणि वेळ वाचवायचं काम आपल्यालाच करावं लागतं.

टप्पा १: दिवस ठरवा (दोन आठवडे आधी)

रविवार टाळायचा हे सगळ्यांना कळतं. पण हिवाळ्यात आडवारीही गड रिकामा नसतो. डिसेंबर-जानेवारी हे शाळांच्या सहलींचे महिने, आणि त्या सहली बहुतेक सुट्टीच्या वारी नसतातच. त्यातल्या त्यात मंगळवार-बुधवार बरे. मला विचाराल तर फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा सगळ्यांत सोयीचा: सहली ओसरलेल्या असतात, सकाळी अजून गारवा असतो आणि १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीची गर्दी सुरू व्हायची असते.

लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर हे दिवस सोडूनच द्या: दिवाळीची सुट्टी, २५ डिसेंबर ते १ जानेवारी, शंभुराजांच्या राज्याभिषेकाचा १६ जानेवारी, २६ जानेवारी आणि १९ फेब्रुवारी. सोहळ्याचं वातावरण अनुभवायचं असेल तर त्या दिवशी जरूर जा, पण मग पायऱ्यांनी, तरुण मंडळींबरोबर. त्या दिवशी रोपवेवर भिस्त ठेवू नका. २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यात रायगड आहे, तेव्हा गर्दी कमी होण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

पुणे आणि मुंबईहून हा एका दिवसाचा कार्यक्रम आहे. नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगरहून नाही. तिथून येणाऱ्यांनी आदल्या रात्री महाडला किंवा गडाच्या पायथ्याच्या पाचाडला मुक्काम करावा.

टप्पा २: कोण येणार आणि कोण कसं वर जाणार

हा टप्पा घरी चहा घेताना पंधरा मिनिटांत होतो आणि तरीही कुणी करत नाही.

ट्रॉलीतून उतरल्यावर समोर सपाट बाग नसते. वरच्या स्थानकापासून मेणा दरवाजा, राणीवसा, राजसदर, होळीचा माळ, बाजारपेठ असं करत जगदीश्वराच्या देवळापर्यंत जाऊन परत यायचं म्हणजे अडीच-तीन किलोमीटर चाल. वाट उंच-सखल, दगडी, मधूनमधून पायऱ्यांची. बाजारपेठेपुढे जगदीश्वराकडे उतार आहे आणि येताना तोच चढ. पाचाडच्या बाजूने सुमारे दीड हजार पायऱ्या चढून येणाऱ्यांच्या मानाने हे काहीच नाही, पण ज्यांच्यासाठी रोपवे घेतला त्यांना ते जड जाऊ शकतं.

घरच्या वडीलधाऱ्यांसाठी एक साधी चाचणी घ्या. निघायच्या आठ-दहा दिवस आधी त्यांना पाऊण तास सलग चालवा आणि नंतर दोन मजले जिना चढायला-उतरायला सांगा. दुसऱ्या दिवशी गुडघा बोलला नाही तर सगळा गड होईल. बोलला तर राजसदर आणि होळीच्या माळापर्यंतचाच बेत ठेवा, आणि त्यांना तो आधीच सांगा. वर पोचल्यावर "तुम्ही बसा इथेच, आम्ही येतो जाऊन" असं म्हटलेलं कुठल्याच आजोबांना आवडत नाही.

अलीकडे शस्त्रक्रिया झालेली, हृदयाचा त्रास असलेली किंवा गरोदर व्यक्ती असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बेत करू नका. बाबागाडी वर चालत नाही, बाळाला छातीशी बांधायची झोळी घ्या. चाकांच्या खुर्चीचा उपयोग वरच्या स्थानकाच्या फार पुढे होत नाही.

घरातली तरुण मंडळी पायऱ्यांनी आणि बाकीचे ट्रॉलीने असा बेत उत्तम. महादरवाजा ट्रॉलीने जाणाऱ्यांच्या वाटेत येतच नाही, आणि गडाचं बांधकाम समजून घ्यायचं तर तो पाहायलाच हवा. फक्त हे लक्षात ठेवा: पायऱ्यांची वाट आणि रोपवेचं स्थानक गडावर वेगवेगळ्या बाजूंना निघतात. "वर भेटू" एवढ्यावर सुटलात तर तासभर एकमेकांना शोधत बसाल, कारण मोबाइलची रेंज कधी असते, कधी नसते. होळीच्या माळावरचा महाराजांचा पुतळा ही भेटीची खूण ठरवा. चढणाऱ्यांना दीड ते दोन तास लागतात, म्हणून त्यांनी चित दरवाजा, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेची सुरुवात, उजाडताच, सातच्या आसपास सोडायचा.

> तपासा: भेटीची जागा, भेटीची वेळ आणि वेळ चुकली तर कुणी किती थांबायचं, हे तीनही ठरलं का?

टप्पा ३: आदल्या दिवशी

रोपवेच्या कार्यालयाला फोन करा. त्यांच्या संकेतस्थळावर नजर टाकाच, पण फोन टाळू नका. देखभालीसाठी रोपवे अधूनमधून बंद असतो आणि ते न कळल्याने दीडशे किलोमीटर येऊन परत जाणारी कुटुंबं असतातच. फोनवर चारच प्रश्न विचारा:

१. उद्या रोपवे चालू आहे ना, आणि पहिली फेरी किती वाजता?
२. तिकीट आधी काढता येतं का, आणि काढलं तर त्यावर वेळ असते की फक्त तारीख?
३. एका बाजूचं तिकीट मिळतं का? (कुणी एकीकडून पायऱ्यांनी येणार असेल तर)
४. उद्या शाळांची किंवा मोठ्या गटांची नोंदणी आहे का?

चौथा प्रश्न फार कुणी विचारत नाही. उत्तर "चार बस आहेत" असं आलं तर तासभर आधी निघा किंवा दिवस बदला.

आता पिशवी. माणशी एक लिटर पाणी. वर पाणी आणि सरबत विकत मिळतं, पण गडाच्या दुसऱ्या टोकाला तहान लागली तर ते कामाचं नाही. प्रत्येकाला टोपी: हिवाळा म्हणून स्वेटर सगळे घेतात आणि टोपी विसरतात. गडमाथ्यावर सावली जवळजवळ नाहीच, आणि दहा-साडेदहानंतरचं ऊन जानेवारीतही चटका देतं. पायात रबरी तळाचे बूट हवेत. हिवाळ्यात गवत वाळलेलं असतं, वाटेवर घसारा असतो, त्यावर चपला आणि गुळगुळीत तळाचे बूट सरकतात. सुट्टे पैसे आणि नोटा जवळ ठेवा, कारण रेंज गेली की मोबाइलवरचे पैसेही गेले.

खाऊ डब्यात न्या, हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. पिशवीचा आवाज गडावरची माकडं लांबून ओळखतात. अत्तर, सुगंधी फवारे घरीच ठेवा. कड्यांवर आग्या मोहोळं असतात आणि उग्र वास किंवा धूर त्यांना खपत नाही.

टप्पा ४: पहाटे निघणं

सगळ्या आखणीचा खुंटा हा: सकाळी आठला तुम्ही खालच्या स्थानकावर हवेत (पायऱ्यांनी चढणारे त्याच गाडीत असतील तर सगळंच तासभर आधी धरा). रोपवे साधारण साडेआठच्या सुमारास सुरू होतो. तिथून उलट मोजत या.

पुण्याहून ताम्हिणी घाटाने, पौड-मुळशी-निजामपूर मार्गे पाचाड सुमारे १३० किलोमीटर. चार तास धरा, म्हणजे पहाटे चारला गाडी सुरू. घाटात हिवाळ्यात पहाटे धुकं असतं, काही वळणांवर दाट. मुळशी सोडल्यानंतर पेट्रोल पंप आणि रेंज दोन्ही विरळ होतात, टाकी आधीच भरा. फोनवरच्या नकाशाने भोरकडून वरंध घाट सुचवला तर तो चालू आहे का याची खात्री करून घ्या. कामांसाठी आणि दरडींमुळे तो बंद ठेवला जातो.

मुंबईहून पनवेल, वडखळ, कोलाड, माणगाव असं गोवा महामार्गाने सुमारे १७० किलोमीटर. इथे शत्रू माणगावची कोंडी. शनिवार-रविवारी सकाळी सातनंतर ती वाढत जाते. माणगाव साडेसहाच्या आत ओलांडलंत तर दिवस तुमचा. माणगावहून निजामपूरमार्गे पाचाडला जाता येतं किंवा सरळ महाड गाठून तिथून साधारण २५ किलोमीटर आत. रस्त्याच्या सवयीचे नसाल तर महाडची वाट सोपी.

मुलांना पहाटे गाडीत दूध देऊ नका. घाटात ते बाहेर येतं. कोरडी पोळी किंवा खाकरा द्या, पोहे पाचाडला पोचल्यावर.

टप्पा ५: खालच्या स्थानकावर

उतरल्याबरोबर एकाने तिकिटाच्या खिडकीशी जायचं, बाकीच्यांनी नंतर स्वच्छतागृह, चहा, बूट बदलणं वगैरे. अनेक घरांत उलट होतं: सगळे मिळून आधी चहा पितात, तेवढ्यात एक बस येते आणि साठ माणसं पुढे जातात.

रोपवेचं तिकीट आणि गडाचं प्रवेशशुल्क वेगळं. गड पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे आणि त्यांच्या नियमाने १५ वर्षांखालच्या मुलांना शुल्क नाही.

ट्रॉली छोटी असते, मोठं कुटुंब दोन-तीन ट्रॉल्यांत विभागलं जातं. पहिल्या ट्रॉलीत एक मोठं माणूस आणि शेवटच्या ट्रॉलीत एक मोठं माणूस असायलाच हवं. वर दोन मुलं एकटी उभी आणि आई-बाबा खाली, हा प्रकार टाळणं एवढं सोपं आहे. उंचीची भीती वाटणाऱ्याला डोंगराकडे तोंड करून बसवा आणि त्याला गप्पांत गुंतवा. ट्रॉली चालू असताना जागा बदलायची नाही, दाराला हात लावायचा नाही. वारा वाढला की ती मध्येच थांबवतात किंवा फेऱ्या काही वेळ बंद ठेवतात. थांबली म्हणजे बिघडली असं नव्हे, एवढं मुलांना आधीच सांगून ठेवा.

> सावध: चढायच्या आधी सगळ्यांनी स्वच्छतागृहात जाऊन या. वर सोय आहे, पण जगदीश्वराच्या टोकाला गेल्यावर ती लांब पडते.

*रोपवे अचानक बंद निघाला तर?* तासभर वाट बघा, त्याहून जास्त नको. चालता येणाऱ्यांनी चित दरवाजाकडून खूबलढा बुरुजापर्यंत चढून यावं. बाकीच्यांसाठी पाचाडला जिजाऊंचा वाडा आणि समाधी आहे, महाडला १९२७ च्या सत्याग्रहाचं चवदार तळं आहे, महामार्गालगत गांधारपाले लेणी आहेत. लेण्यांना मात्र पायऱ्या चढाव्या लागतात.

टप्पा ६: गडावरचा क्रम

बहुतेकांची वेळ इथेच फुकट जाते. ट्रॉलीतून उतरलं की राणीवसा आणि मनोरे जवळ दिसतात, सगळे तिथेच फोटो काढत तासभर रमतात. मग राजसदरेवर तासभर. तोवर ऊन चढतं, मुलं कुरकुरतात, आणि समाधीपर्यंत न जाताच मंडळी मागे फिरतात. रायगडावर जाऊन महाराजांच्या समाधीचं दर्शन न घेता परतणं मला तरी पटत नाही. म्हणून क्रम उलटा करा: आधी सगळ्यांत लांबचं ठिकाण, मग परत येता येता बाकीचं.

*अ. उतरल्या उतरल्या.* परतीच्या नंबराची त्या दिवशीची पद्धत तिथल्या माणसाला विचारा. नंबर आधी लावायचा असतो का, ओरडून पुकारतात की रांगेत उभं राहायचं, शेवटची फेरी किती वाजता. हे विचारायला मिनिट लागतं.

*आ. वाटाड्या घ्यायचा असेल तर* पैसे, वेळ आणि ठिकाणं तिन्ही आधी ठरवा, आणि "आधी समाधी, मग सदर" हे त्याला स्पष्ट सांगा. चांगला वाटाड्या मिळाला तर गड बोलू लागतो. पण ऐकलेली प्रत्येक गोष्ट पुराव्याची असतेच असं नाही. बाजारपेठेची जोती उंच आहेत ती घोड्यावर बसून खरेदी करता यावी म्हणून, हे तुम्हाला हमखास ऐकवतील. मुलांना गोष्ट म्हणून ऐकू द्या, शाळेच्या निबंधात मात्र नको.

*इ. सरळ जगदीश्वर.* मेणा दरवाजा, राणीवसा, सदर, नगारखाना हे न थांबता ओलांडून होळीच्या माळावर या. पायऱ्यांनी आलेली मंडळी इथे भेटतील. पुढे बाजारपेठेच्या दोन रांगांमधून जगदीश्वराकडे उतरायचं. थांबत थांबत पाऊण तास. देवळाच्या पायरीवर "सेवेचे ठायी तत्पर" असं कोरलेलं आहे, गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांची ती आठवण. पायाखाली जाते म्हणून घाईत चुकते, मुलांना शोधायला लावा. देवळाच्या पूर्वेच्या दारासमोर महाराजांची समाधी. इथे अर्धा तास शांत बसा. जोडे बाहेर, आवाज कमी.

*ई. टकमक टोक: जायचं की नाही?* बाजारपेठेच्या पुढून तिकडे वाट फुटते. टोकाकडे वाट अरुंद होत जाते, दोन्ही बाजूंना कडा, आणि वारा माणसाला ढकलेल इतका. दहा वर्षांखालची मुलं, ताठ न चालणारे आजी-आजोबा आणि सेल्फीचं वेड असलेला कुणीही असेल तर सोडून द्या. हिरकणी बुरूज आणि भवानी टोकही या दिवसात बसवायचा हट्ट नको. ते पुन्हा कधीतरी, पायऱ्यांनी येऊन मुक्काम कराल तेव्हा.

*उ. परत येताना सदर.* आता खरा वेळ इथे द्या. नगारखान्याच्या दारात एकाने उभं राहायचं आणि मेघडंबरीपाशी (सिंहासनाच्या जागेवरच्या छत्रीपाशी) दुसऱ्याने हळू आवाजात बोलायचं. सुमारे २०० फुटांवरून शब्द कळतो. गर्दीच्या वेळी हा प्रयोग फसतो, माणसं कमी असली तरच जमतो. सिंहासनाच्या चौथऱ्याशी जोडे घालून जायचं नाही आणि कठडा ओलांडायचा नाही, हे मुलांना आधीच सांगा. मग राणीवसा, मनोरे, गंगासागर. तलावाच्या काठावर मुलांचा हात सोडू नका, आणि पाण्यात उतरायचं नाही.

> तपासा: अकरा वाजता तुम्ही सदरेच्या आसपास आहात का? नसाल तर पुढचं काहीतरी गाळा. परतीची वेळ पुढे ढकलू नका.

मध्ये कुठेतरी गडावरच्या मावशींकडे ताक किंवा लिंबू सरबत घ्या, काकडी-आवळे घ्या. घासाघीस करू नका, ते सामान त्यांनी डोक्यावरून वर आणलेलं असतं.

टप्पा ७: खाली येणं

वर आलेले लोक जेवून, थोडं लवंडून, तीननंतर एकदम उतरायला लागतात, आणि खाली नेणाऱ्या ट्रॉल्या तेवढ्याच. गर्दीच्या दिवशी दुपारच्या परतीच्या रांगेत दोन तास सहज जातात, तेही मुलं पेंगुळलेली असताना. म्हणून साडेबारापर्यंत वरच्या स्थानकावर या. जेवण वर घेऊ नका, खाली घ्या. एवढ्या एका बदलाने अर्धी दुपार वाचते.

पायऱ्यांनी उतरायचा मोह होतो, "उतारच तर आहे" म्हणून. गुडघ्याला चढापेक्षा उतार जास्त लागतो. सकाळी ट्रॉलीने आलेल्या चाळिशीपुढच्या माणसाने हा प्रयोग करायचा तर हातात काठी आणि पुढच्या दोन दिवसांची मोकळीक असावी.

> सावध: माणसं मोजा, मग रांगेत शिरा. एक जण "शेवटचा फोटो" काढायला गेला की अख्ख्या कुटुंबाचा नंबर जातो.

टप्पा ८: पाचाड आणि परतीचा रस्ता

जेवण पाचाडला, घरगुती खाणावळीत. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, सोलकढी. सकाळी गडाकडे जाताना तिथे थांबून माणसं आणि वेळ सांगून ठेवा. आयत्या वेळी दहा जण गेलात तर भाकऱ्या थापून होईपर्यंत तास जातो.

जेवणानंतर जिजाऊंची समाधी. गाडी जवळ जाते, चाल फारशी नाही, त्यामुळे वर पुढे जाऊ न शकलेल्या आजी-आजोबांना इथे निवांत बसता येतं. अर्धा तास ठेवा.

साडेतीनला पाचाड सोडा. डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, आणि पुण्याकडे जाणाऱ्यांनी ताम्हिणीचा घाट उजेडात चढलेला बरा. पहाटे चारला उठलेला माणूस संध्याकाळी घाटात गाडी चालवतो आहे हे विसरू नका. गाडी चालवणाऱ्याने दुपारी पोटभर जेवू नये, पाचाडला वीस मिनिटं डोळे मिटून घ्यावेत, किंवा परतीला दुसऱ्याने चक्र हाती घ्यावं. काही कारणाने पाच वाजले तर मुंबईकरांनी माणगावच्या कोंडीसाठी तासभर जास्त धरावा, आणि पुणेकरांनी ताम्हिणी अंधारात ओलांडण्यापेक्षा महाडला खोली घेऊन सकाळी निघावं.